क्रशरचा लायनर डिझाइन करायचाय? आधी झिजलेला लायनर वाचायला शिका

क्रशरवर, म्हणजे दगड फोडायच्या मशीनवर, नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक इंजिनियर पहिल्या आठवड्यात एक प्रश्न विचारतोच, सगळ्यात कडक मटेरियल कुठलं आणि तेच सगळीकडे का नाही लावत. प्रश्न सरळ वाटतो, पण ह्याच विचारानं घेतलेले कितीतरी लायनर, म्हणजे आत दगडाचा मार झेलणाऱ्या बदलायच्या प्लेटा, झिजायच्या आधीच फुटलेले मी बघितलेत. कारण क्रशरमध्ये दगड नुसता घासत नाही, तो आपटतो, दाबला जातो, निसटतो, परत अडकतो, आणि हे प्रमाण प्रत्येक जागी वेगळं असतं. एकाच जॉ प्लेटच्या (जबड्यावरच्या लायनरच्या) वरच्या टोकाला जे होतं ते खालच्या टोकाला होत नाही. त्यामुळे माझी पद्धत उलटी आहे, मटेरियल सगळ्यात आधी ठरवायचंच नाही, आधी झीज बघायची. खाली पायऱ्या लिहिल्यात, ज्यांनी अजून एकही लायनर डिझाइन केला नाही त्यांच्यासाठी. काही पायऱ्या मोठ्या आहेत कारण चुका तिथेच होतात.

पायरी १: जुना लायनर भंगारात जाऊ देऊ नका

जुना सेट काढला की तो लगेच क्रेननं उचलून भंगाराच्या ढिगावर जातो. तो थांबवा, एक दिवस मागून घ्या. पाण्यानं धुवा, ऊन तिरपं असताना बाहेर ठेवा म्हणजे ओरखडे सावलीमुळे स्पष्ट दिसतात, आणि मग निवांत बसून बघा. नवा लायनर तुम्हाला कॅटलॉगमधलं सांगतो, जुना लायनर तुमच्या मशीनमध्ये खरंच काय चालतं ते सांगतो.

काय बघायचं? पृष्ठभागावर छोटे छोटे खड्डे, चेपल्यासारख्या खुणा असतील आणि धातू कडेला ढकलला जाऊन ओठासारखा बाहेर आला असेल तर तिथे आघात जास्त आहे. लांब सरळ चर असतील, एकाच दिशेनं, तर दगड तिथे पकडला न जाता निसटतोय आणि खरवडत जातोय. मोठाले खोल ओरखडे ज्यात धातूचा तुकडाच उचकटून निघाल्यासारखा दिसतो, त्याला गाउजिंग म्हणतात, मोठा धारदार दगड भरपूर दाबाखाली घासला की होतं. आणि पृष्ठभाग एकदम गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखा चकचकीत असेल तर तिथे बारीक माल घासतोय आणि आघात जवळजवळ नाहीच. ह्या शेवटच्या खुणेकडे विशेष लक्ष द्या, पुढे मँगनीजचा विषय आला की तिचं महत्त्व कळेल.

मग वजन करा. समजा नवी प्लेट ९०० किलोची होती आणि काढली तेव्हा ५६० किलो भरली, म्हणजे ३४० किलो वापरली गेली, साधारण ३८ टक्के. बाकी ६२ टक्के धातू तुम्ही विकत घेतला, चढवला, उतरवला आणि भंगारात दिला. आता नुसता आकार बदलून हा वापर ५० टक्क्यांवर नेला तर ४५० किलो झिजायला मिळतात, म्हणजे मटेरियल तेच ठेवून आयुष्य जवळपास एक तृतीयांश वाढलं. नवीन माणूस मिश्रधातूच्या मागे लागतो आणि हा सरळ समोर पडलेला फायदा सोडून देतो, म्हणून हे मी पहिल्याच पायरीत सांगतोय.

जाडी मोजताना एक अडचण येते. मँगनीज स्टीलच्या कास्टिंगचे कण मोठे असतात, त्यामुळे नेहमीचं अल्ट्रासॉनिक जाडीमापक त्यावर नीट रीडिंग देत नाही, आवाज आतच विखुरतो. त्यापेक्षा पत्र्याचं टेम्प्लेट कापून ठेवा, नव्या प्रोफाइलच्या आकाराचं, ते ठरलेल्या जागी लावायचं आणि मधलं अंतर पट्टीनं मोजायचं. लेझर स्कॅनर असेल तर उत्तमच, पण टेम्प्लेटनं काम अडत नाही.

पायरी २: दगड ओळखा

दगड कडक आहे एवढं सांगून भागत नाही. दगडाचे दोन गुण वेगळे धरायचे, तो फोडायला किती अवघड आणि तो धातूला किती खातो. हे दोन्ही बरोबरच असतात असं नाही. काही बेसॉल्ट फोडायला चिवट असतात पण त्यात क्वार्ट्झ नसल्यात जमा, त्यामुळे धातू तितका खात नाहीत. उलट वाळूचा दगड हातानंसुद्धा फुटेल असा असतो पण सगळा क्वार्ट्झच, तो लायनर फस्त करतो.

क्वार्ट्झ हा शब्द पक्का लक्षात ठेवा. मोहस् ह्या कडकपणाच्या स्केलवर तो ७, आणि विकर्समध्ये (कडकपणाचं दुसरं माप) साधारण १००० ते १२०० च्या आसपास. चुनखडीतलं कॅल्साइट मोहस् वर फक्त ३. साधं स्टील विकर्स १५० ते २००, चांगलं कडक केलेलं मार्टेन्सिटिक स्टील ६०० ते ८००. म्हणजे क्वार्ट्झपुढे बहुतेक स्टील मऊच पडतं, आणि जेव्हा घासणारी गोष्ट धातूपेक्षा बरीच कडक असते तेव्हा धातूचा हार्डनेस थोडाफार वाढवून फारसं हाती लागत नाही. फरक पडायला धातूत क्वार्ट्झपेक्षा कडक असं काहीतरी हवं, म्हणजे क्रोमियम कार्बाइड किंवा टंगस्टन कार्बाइडचे कण. चुनखडीला हे सगळं लागत नाही, तिथे साध्या गोष्टी वर्षानुवर्षं चालतात.

लॅबमध्ये दगड पाठवता येत असेल तर अब्रेसिव्हनेसची, म्हणजे दगड धातूला किती खातो ह्याची, टेस्ट करून घ्या. सर्शार टेस्टमध्ये स्टीलची टोकदार पिन ७ किलो वजनाखाली दगडावर १० मिलिमीटर ओढतात आणि टोक किती बोथट झालं ते मोजतात. एलसीपीसी टेस्टमध्ये ४ ते ६.३ मिमी आकाराचा ५०० ग्रॅम दगड घेऊन त्यात धातूची पाती ५ मिनिटं ४५०० आरपीएमनं फिरवतात आणि पातीचं वजन किती घटलं ते बघतात. बॉंडचा अब्रेजन इंडेक्सपण असाच पातीच्या घटीवरून निघतो. आकडा कुठलाही असो, त्याचा उपयोग तुलनेसाठी, ह्या खाणीतला दगड त्या खाणीतल्यापेक्षा किती वाईट एवढं कळलं तरी पुष्कळ.

आणि मालात माती किती, ओल किती, बारीक किती हेही लिहून ठेवा. ओला बारीक माल चेंबरमध्ये चिकटून बसतो, गठ्ठा होतो, आणि लायनरवर भयंकर दाब आणतो.

पायरी ३: मशीन दगडाला कसं हलवतं ते समजा

जॉ क्रशर ही जुनी मशीन, ब्लेकनं १८५८ मध्ये स्टोन ब्रेकरचं पेटंट घेतलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे, एक जबडा स्थिर, एक हलता. डबल टॉगलमध्ये (टॉगल म्हणजे हलत्या जबड्यामागची आधाराची प्लेट) हलता जबडा जवळपास फक्त पुढेमागे होतो. सिंगल टॉगलमध्ये तो पुढेमागे होताना वरखालीपण सरकतो, त्यामुळे दाबण्याबरोबर घासणंही येतं आणि प्लेटा लवकर जातात. दोन्ही प्लेटांचा खालचा भाग आधी झिजतो कारण सगळा माल तिथूनच बाहेर पडतो.

कोन क्रशरमध्ये मँटल, म्हणजे आतल्या हलत्या शंकूवरचा लायनर, आणि कॉन्केव्ह, म्हणजे बाहेरचा स्थिर लायनर, ह्यांच्या मध्ये दगड दाबला जातो, गोल फिरत फिरत, बऱ्याच वेळा. इम्पॅक्टरमध्ये गोष्ट पूर्ण वेगळी, तिथे फिरत्या रोटरवरचा ब्लो बार, म्हणजे धातूची जाड पट्टी, साधारण २५ ते ४५ मीटर प्रति सेकंद वेगानं दगडाला मारतो. व्हीएसआयमध्ये, म्हणजे उभ्या शाफ्टच्या इम्पॅक्टरमध्ये, वेग आणखी जास्त, आणि रोटरच्या टोकाशी टंगस्टन कार्बाइडशिवाय भागत नाही. वेग वाढला की झीज नुसती त्या प्रमाणात वाढत नाही, त्यापेक्षा बरीच जास्त वाढते, म्हणून इम्पॅक्टरवर लायनर बदलायच्या आधी वेग थोडा कमी करून माल हवा तसा निघतो का हे बघणं फुकटात पडतं.

पायरी ४: आता मटेरियल

इथे सगळ्यांना घाई असते. मी पण जरा सविस्तर लिहितो.

मँगनीज स्टील. रॉबर्ट हॅडफिल्डनं १८८२ मध्ये शोधलं, साधारण १ ते १.३ टक्के कार्बन आणि १२ ते १४ टक्के मँगनीज. आजकाल १८ आणि २२ टक्केवाल्या ग्रेडपण मिळतात, त्यात बऱ्याचदा २ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. नवं असताना हे मऊ असतं, जेमतेम २०० ब्रिनेल (हेही कडकपणाचं माप), फाइल सहज चालते, आणि नवीन माणूस ते बघून घाबरतो की एवढं मऊ कसं टिकणार. पण ठोके बसायला लागले की वरचा थर कडक होत जातो, ५०० ब्रिनेलपर्यंत आणि चांगला मार असेल तर त्याच्याही पुढे, आणि आतला भाग चिवटच राहतो. वरचा थर झिजला की खालचा कडक होतो. म्हणून मोठा दगड, जोराचा मार, फुटण्याची भीती, असं जिथे असेल तिथे मँगनीजला तोड नाही. जॉ आणि कोन क्रशरमध्ये गेली शंभरावर वर्षं तेच चालतंय ते उगाच नाही.

पण मार नसेल तर मँगनीज कडक होतच नाही. पायरी १ मधली ती चकचकीत पॉलिश आठवा. एका ठिकाणी आम्ही नदीतल्या गोट्यांच्या बारीक मालासाठी २२ टक्केवाले लायनर मागवले, जास्त मँगनीज म्हणजे जास्त आयुष्य असं आम्हाला सांगितलं गेलं होतं आणि आम्ही ते मानलं. सेट नेहमीपेक्षाही लवकर संपला. काढून पोर्टेबल टेस्टरनं पृष्ठभाग तपासला तर हार्डनेस २६० च्या आसपासच होता, म्हणजे तो सेट आयुष्यभर मऊच राहिला. माल बारीक, फीड हलका, मार कुठून येणार. तेव्हापासून झिजलेल्या मँगनीजचा हार्डनेस मोजल्याशिवाय मी पुढची ग्रेड ठरवत नाही. मोजताना एक काळजी, ग्राइंडर मारून पृष्ठभाग फार उतरवू नका, कडक झालेला थरच निघून जाईल आणि रीडिंग खोटं येईल.

क्रोम आयर्न, म्हणजे हाय क्रोम व्हाइट आयर्न. १२ ते ३० टक्के क्रोमियम, २ ते ३.५ टक्के कार्बन, आणि आत क्रोमियम कार्बाइडचं जाळं ज्याचा हार्डनेस क्वार्ट्झपेक्षा जास्त असतो. एकूण कडकपणा ५८ ते ६५ रॉकवेल सी. घासण्याला फार चांगलं, आघाताला ठिसूळ. इम्पॅक्टरमध्ये मोठ्या आकाराचा दगड नसेल, लोखंड येत नसेल, तर क्रोमचे ब्लो बार मँगनीजपेक्षा कितीतरी पटीनं चालतात. पण तोडलेल्या काँक्रीटमधून सळई आली की तेच ब्लो बार काचेसारखे तुटतात.

मार्टेन्सिटिक स्टील ह्या दोघांच्या मधलं, ना फार मऊ ना फार ठिसूळ, म्हणून काँक्रीटच्या रीसायकलिंगमध्ये आणि मध्यम आकाराच्या फीडला ते बऱ्याचदा निवडतात. ह्याच्यात किंवा क्रोममध्ये सिरॅमिकचे दाणे कास्ट करून घातलेले ब्लो बारपण मिळतात, चिवटपणा बेसचा आणि घासण्याला विरोध सिरॅमिकचा. महाग पडतात, पण जागा बरोबर निवडली तर वसूल होतात.

हॉपर, फीडर, च्यूट (माल घसरत जायची पन्हळ) ह्या जागांना वरचं काही लागत नाही. तिथे ४०० किंवा ५०० ब्रिनेलची अब्रेजन रेझिस्टंट प्लेट, किंवा क्रोम कार्बाइडचा थर वेल्ड केलेली प्लेट. त्या थरावर बारीक आडव्या भेगा दिसतात, नवीन प्लेट आली आणि भेगा बघून माल परत पाठवायला निघालेले लोक मी बघितलेत. त्या भेगा नेहमीच्याच, थंड होताना ताण सुटतो त्यामुळे येतात, त्या खालच्या प्लेटमध्ये उतरत नाहीत. थर सोलून निघत असेल तर मात्र तक्रार करा. रबर कुठे लावायचं हे कोनावरून ठरवा, माल सरळ काटकोनात आपटत असेल तर रबर दणका पचवतं, तिरपा घसरत जात असेल तर रबर कापलं जातं आणि तिथे कडक प्लेट किंवा सिरॅमिक टाइल बरी.

आणि सगळ्यात स्वस्त वेअर सरफेस म्हणजे दगडच. च्यूटमध्ये पट्ट्या आडव्या लावून छोटे कप्पे करा, त्यात माल साचतो आणि पुढचा माल त्या साचलेल्या मालावर घासतो, स्टीलला हात लागत नाही. ह्याला रॉक बॉक्स म्हणतात. चिकट ओल्या मालाला हे जमत नाही कारण साचणं थांबतच नाही, पण कोरड्या मालात मी आधी रॉक बॉक्स बसतो का ते बघतो आणि नसेल बसत तरच प्लेटचा विचार करतो.

पायरी ५: आकार, ह्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

मटेरियलवर दहा जण मत देतील, आकाराकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त आयुष्य आकारात असतं.

जॉमध्ये दोन प्लेटांमधला कोन, निप अँगल, हा पहिला. साधारण १८ ते २६ अंशांच्या दरम्यान ठेवतात. तो जास्त झाला की दगड पकडला जात नाही, वर सरकतो, परत खाली येतो, परत सरकतो, आणि प्रत्येक वेळी प्लेट खरवडतो. उत्पादन कमी, झीज जास्त, दोन्हीकडून नुकसान. वर लांब उभे चर दिसत असतील तर ग्रेड बदलायच्या आधी हा कोन मोजा. गोलसर गुळगुळीत गोट्यांना कोन आणखी कमी लागतो कारण ते पकडीत येतच नाहीत.

दात्यांचं बघा. उंच टोकदार दाते चपट्या दगडाला छान मोडतात पण टोकाशी धातू कमी असतो, लवकर जातात. रुंद आणि बसकट दाते जास्त चालतात, मधल्या खाचेतून बारीक माल निसटून जातो हेही बरं. फीडमध्ये बारीक जास्त असेल तर खाच खोल आणि रुंद ठेवा नाहीतर तिथे माल घट्ट बसतो.

धातू जिथे झिजतो तिथे टाका. ऐकायला उघड वाटतं, पण बहुतेक लायनर सगळीकडे सारख्या जाडीचे काढलेले असतात कारण ड्रॉइंग काढायला ते सोपं. जुन्या प्लेटचा झीजनकाशा घ्या, जिथे आधी संपते तिथे जाडी वाढवा, जिथे भंगारात जाते तिथून काढा. जॉ प्लेट उलटी करून परत लावता येईल अशी, म्हणजे वरखाली सममित ठेवली तर खालचं टोक झिजल्यावर फिरवून दुसरं टोक वापरता येतं. मी शक्य तिथे हीच पद्धत ठेवतो, पण फिरवायला उशीर करू नका, खालचा भाग फार गेला की फिरवल्यावर ती बाजू नीट टेकत नाही.

जाडी वाढवायलाही मर्यादा आहे. मँगनीज कास्टिंग साधारण १०५० अंशांवर तापवून पाण्यात टाकतात, आणि फार जाड असेल तर मधला गाभा हळू थंड होतो, कणांच्या सीमेवर कार्बाइड जमतात, आणि तो गाभा ठिसूळ राहतो. १०० मिलिमीटरच्या पुढे गेलात की फाउंड्रीशी बोलूनच आकडा ठरवा. जाडीत एकदम उडीपण नको, जाड भाग पातळ भागाला मिळतो तिथे मोठी गोलाई द्या, धारदार आतला कोपरा म्हणजे भेगेला आमंत्रण.

कोन क्रशरमध्ये वरची उघडी जागा फीडच्या आकाराशी जुळवा. मोठ्या दगडासाठी बनलेला कोर्स लायनर लावून त्यात बारीक फीड टाकला तर सगळं काम खालच्या पट्ट्यातच होतं, वरचा धातू नवाच्या नवा राहतो आणि खाली खळगा पडतो. आणि एक, लायनर झिजल्यावर कसा दिसेल ते कागदावर काढून बघा, अर्ध्या आयुष्यावर आणि शेवटी. नवा प्रोफाइल सुंदर आणि झिजलेला प्रोफाइल तोंड बंद करणारा, असं झालं तर उत्पादन मध्येच पडतं आणि प्लांटवाले लायनर संपायच्या आधी काढून टाकतात.

इथेच फीडिंगचं पण सांगतो कारण डिझाइन कितीही चांगलं असलं तरी फीड वाईट तर सगळं फुकट. कोन क्रशर कायम भरलेला चालवायचा, माल मधोमध पडला पाहिजे. एकाच बाजूनं पडला तर मोठे दगड एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला, आणि लायनर एका अंगानं जातो. क्रशरच्या आधी स्क्रीन लावून बारीक काढून टाका, जो माल तसाही सेटिंगपेक्षा, म्हणजे खालच्या बाहेर पडायच्या फटीपेक्षा, लहान आहे तो आत जाऊन नुसता घासण्याचं काम करतो.

पायरी ६: मागची बाजू

पुढच्या बाजूइतकीच मागची महत्त्वाची, आणि नवीन लोक ती विसरतात. लायनरची पाठ फ्रेमवर पूर्ण टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर प्रत्येक ठोक्याला प्लेट वाकते, आणि वाकून वाकून तडकते, शिवाय फ्रेमची सीटपण खराब होते, ती दुरुस्ती लायनरपेक्षा महाग. कोन क्रशरमध्ये पाठीमागे इपॉक्सीचं बॅकिंग कंपाउंड ओततात ते ह्याचसाठी. ओतायच्या आधी तेल, धूळ, ओल साफ, नाहीतर कंपाउंड धरत नाही.

मँगनीज ठोके खाऊन पसरतं हे डिझाइनमध्ये धरा. चारी बाजूंनी गच्च बसवलेली प्लेट काही दिवसांनी वाढते आणि जागा नसल्यामुळे वेज (प्लेट आवळणारी पाचर), बोल्ट नाहीतर फ्रेमवर जोर काढते. कडेला मोकळी जागा सोडा, आणि चालू असताना कडेला आलेला ओठ वेळोवेळी ग्राइंडरनं उतरवायला सांगा.

मशिनिंगबद्दल: हा धातू टूल लागताच कडक होतो, साध्या ड्रिलनं भोक पाडायचा नाद सोडा. भोकं, खाचा कास्टिंगमध्येच घ्या. आटे पाडायचे असतील तर माइल्ड स्टीलचा तुकडा कास्टिंगमध्येच बसवून घेतात, आटे त्यात पाडतात. बोल्टची डोकी झिजणाऱ्या पृष्ठभागापासून खोल ठेवा, आणि उचलायला कान किंवा हूक ड्रॉइंगमध्येच दाखवा. एवढ्या जड प्लेटला उचलायला जागा नसली की साइटवर कोणीतरी वेल्ड करून हूक लावतं, आणि ते वेल्ड हवेत असताना सुटतं. हे मी स्वतः बघितलंय, खाली कोणी नव्हतं म्हणून वाचले.

पायरी ७: फाउंड्रीला ड्रॉइंग देताना

थोडक्यात. केमिस्ट्रीची रेंज लिहा, फॉस्फरस कमी ठेवायला सांगा कारण तो मँगनीजला तडकवतो. मँगनीजचं आकुंचन साध्या स्टीलपेक्षा जास्त असतं, २ ते अडीच टक्क्यांच्या आसपास, पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, त्या हिशोबानं झालाय का विचारा. हीट ट्रीटमेंटचा चार्ट मागा. बरोबर क्वेंच झालेलं, म्हणजे पाण्यात झटकन गार केलेलं, मँगनीज चुंबकाला लागत नाही, माल आला की चुंबक फिरवा, वरच्या पातळ थरावर थोडं ओढलं तर घाबरू नका, तो कार्बन आणि मँगनीज गमावलेला थर असतो, ग्राइंड करून परत बघा.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर, मँगनीजचा तुटलेला दाता बेल्टवरच्या मॅग्नेटला सापडत नाही. तो सरळ पुढच्या कोन क्रशरमध्ये जातो. जॉनंतर कोन क्रशर असेल तर मेटल डिटेक्टर लावायचा आग्रह धरा, मॅग्नेट आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पायरी ८: वेल्डिंग आणि हार्डफेसिंग

हार्डफेसिंग म्हणजे झिजणाऱ्या जागेवर कडक धातूचा थर वेल्डनं चढवणं. करायचं का? च्यूटवर, फीडरवर, रोटरच्या बॉडीवर जरूर. जॉ प्लेटवर विचार करून. मँगनीजला उष्णता आवडत नाही, साधारण २६० अंशांच्या वर ते बराच वेळ राहिलं की आत कार्बाइड सुटतात आणि चिवटपणा जातो. त्यामुळे प्रीहीट अजिबात नाही, छोटे छोटे पट्टे, एका जागी सलग वेल्ड नाही, इकडून तिकडे उड्या मारत, आणि वेल्डपासून थोड्या अंतरावर हात टेकवता येईल इतकं गार ठेवायचं. आधी वरचा कडक थर ग्राइंड करून काढा, त्यावर वेल्ड केलं तर खालून सुटतं. एका वेल्डरनं, चांगला अनुभवी माणूस, पण स्टील वेगळं आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, एका शिफ्टमध्ये सलग पूर्ण प्लेट भरून दिली. दिसायला सुंदर. दोन आठवड्यांत आडवी तडकली. चूक त्याची नव्हती, ड्रॉइंगवर वेल्डिंगची पद्धत लिहिली नव्हती, ती लिहिणं आपलं काम.

मँगनीजच्या वेल्डिंगचा धूर आरोग्याला वाईट, मज्जासंस्थेवर परिणाम करतो, क्रशरच्या आत बसून वेल्ड करत असाल तर धूर ओढणारा पंखा आणि रेस्पिरेटर असल्याशिवाय सुरू करू नका. आणि कडक झालेल्या लायनरवर घणानं सरळ मारू नका, कपच्या गोळीसारख्या उडतात. आत उतरायच्या आधी मेन स्विचला लॉक, फ्लायव्हील अडकवलेलं, वरच्या हॉपरमध्ये लोंबकळणारा दगड नाही ह्याची खात्री, हे तीन रोजचे.

पायरी ९: ट्रायल आणि हिशोब

नवं डिझाइन सगळीकडे एकदम लावू नका. एक सेट लावा, त्याच मशीनवर, त्याच मालावर, आणि टनांमध्ये मोजा, तासांत नाही, कारण मशीन रिकामं फिरतं तेव्हा लायनर झिजत नाही. इम्पॅक्टर असेल तर समोरासमोरचे ब्लो बार वजनानं जुळवून लावा, एका जोडीत नवं मटेरियल आणि दुसऱ्या जोडीत जुनं लावलं तर तुलना लगेच मिळते.

पहिल्या काही तासांनी मशीन थांबवून बोल्ट आणि वेज परत आवळा, नवा लायनर बसताना सैल होतोच. हे चुकवून फुटलेल्या प्लेटा मटेरियलच्या नावावर जमा होतात.

दर ठराविक टनांनी टेम्प्लेट लावून जाडी लिहा. समजा झिजण्याच्या जागी ९० मिमी आहे आणि ३५ वर काढायचं ठरवलंय, म्हणजे ५५ मिमी वापरायला. १००० टनाला १.१ मिमी जात असेल तर ५०,००० टन मिळतील, आणि चौथ्या पाचव्या मोजणीतच हे कळतं, पुढचा सेट वेळेवर मागवता येतो. काढायची जाडी ओलांडू नका, पातळ मँगनीज पसरतं, वाकतं आणि फुटून फ्रेमला जखम करतं.

मग खर्च प्रति टन काढा. उदाहरण म्हणून, जुना सेट १०० रुपयांचा आणि ६०,००० टन चालतो, नवा १६० रुपयांचा आणि ८५,००० टन. नुसत्या किमतीवर जुना स्वस्त, हजार टनाला १.६७ विरुद्ध १.८८. आता प्रत्येक बदलाला मशीन बंद राहतं, क्रेन लागते, माणसं लागतात, त्याचे ८० धरा. जुना १८० भागिले ६०,००० म्हणजे हजार टनाला ३, नवा २४० भागिले ८५,००० म्हणजे २.८२. निकाल उलटला. आकडे कल्पित आहेत, तुमचे तुम्ही टाका, पण बंद राहण्याचा खर्च वगळून केलेली तुलना खरेदी विभागाकडे पाठवू नका, ते बरोबर चुकीचा सेट निवडतील.

ट्रायलचा सेट उतरला की परत पायरी १. धुवा, वजन करा, तिरप्या उन्हात ठेवा, फोटो काढा, टेम्प्लेटवरची मापं फोटोवरच लिहा, आणि तो कागद नव्या ड्रॉइंगच्या मागे लावा म्हणजे पुढच्या माणसाला प्रत्येक जाडी तिथे का आहे ते कळेल.